शिष्यवृत्ती आणि वाडीची बोली

कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हा आमच्या तालुक्यात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक मोठं प्रशिक्षण आलं. आमच्याकडे प्रशिक्षणं येतात, आम्ही ती मागत नाही. त्यामुळे फारशा उत्साहाने कुणी गेलं नव्हतं. पण हे प्रशिक्षण निघालं वेगळं. एका विलायती संस्थेने सरकारबरोबर मिळून ते आखलं होतं. कर्जतच्या त्या दमट सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं आली होती आणि शिकवणारे भाषण न करता आमच्याकडून खेळ खेळून घेत होते. कर्जतचे आणि खालापूरचे मिळून आम्ही सगळे शिक्षक टाळ्या वाजवत इंग्रजी बडबडगीतं म्हणत होतो. मला ते मनापासून आवडलं. शाळेत असल्यापासून मला इंग्रजीची ओढ होती, आणि नोकरीत लागल्यावर पहिल्यांदाच कुणी ती ओढ ओळखून माझ्याशी बोलत होतं.

नियम एकच होता, आणि तो रोज सकाळी सांगितला जायचा. इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी. मुलांची भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची. हळूहळू मुलं आपोआप शिकतात.

मी तो नियम वाडीवर नेला. आमच्या शाळेतल्या मुलांची घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठी त्यांना पहिलीत आल्यावर भेटते, आणि तीच अजून नीट ओळखीची झालेली नसते. तिच्यावर मी इंग्रजी ठेवली आणि खालचं सगळं काढून घेतलं. प्रशिक्षणातून आणलेल्या चित्रांच्या पत्त्यांवर बर्फाचा माणूस होता, स्ट्रॉबेरी होती, लोकरीचे हातमोजे होते. एरवी माझ्या अंगाखांद्यावर खेळणारी मुलं माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसायला लागली. गाणं म्हणायची, पण प्रश्न विचारला की मान खाली. चौथीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यांत बोलकी, ती तर शाळेत यायचीच थांबली.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई नुकतीच मोळी घेऊन उतरली होती. तिने मला पाणी दिलं आणि उंबऱ्यावर बसली.

"पोरगी का येत नाही गं?" मी विचारलं.

"ती म्हनते, बाई आता माज्याशी बोलत नाय."

"बोलते की. रोज बोलते."

"तुमी बोलता. पन तिला बोलू देत नाय म्हने. तोंड उघडलं की तुमी बोट लावता." तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "काय केलं वो तिनं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं की मुलीचं काय चुकलं. मुलगी आत चुलीमागे बसून ऐकत होती. मी तिला हाक मारली आणि म्हटलं, उद्या ये, उद्या तू मला शिकवायचं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी पत्ते बाजूला ठेवले आणि मुलांना म्हटलं, तुम्हाला जे येतं त्याची चित्रं काढा. त्यांनी ओढ्यातले खेकडे काढले, पावसाळ्याच्या तोंडाला रानात उगवणारी शेवळाची भाजी काढली, करवंदाची जाळी, मोहाची फुलं, कोयता, बांबूची टोपली. एकाने साप काढला आणि त्यावर फुली मारली. प्रत्येक चित्राला वाडीवर काय म्हणतात ते त्यांनी मला सांगितलं. मी म्हणून बघितलं, तेव्हा हसून लोळली. मग मराठी शब्द, मग इंग्रजी. खेकड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे कळल्यावर ती बोलकी मुलगी त्याला कसं पकडायचं ते सांगायला लागली. दगड कुठून उचलायचा, अंगठा कुठे ठेवायचा. निम्मं बोलीत, चार शब्द मराठीत आणि दोन इंग्रजीत. ते इंग्रजीचे दोन शब्द तिचे स्वतःचे होते. त्या दिवसापासून मी मुलांच्या चित्रांचेच पत्ते करून तसंच शिकवायला लागले.

पण मनात प्रश्न राहिला. इतकी शहाणी माणसं, इतक्या लांबून येऊन, हा एकच नियम इतक्या आग्रहाने का सांगतात? हे विचारायला मला एकच जागा होती. कर्जतला, नदीच्या पलीकडे, आमचे हायस्कूलचे इंग्रजीचे सर राहायचे. माझ्या वडिलांनाही त्यांनीच शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर घरी शिकवणी घेत तेव्हा मलाही. आता नव्वदीच्या पुढे गेले होते. ऐकू कमी यायचं, पण बोलणं तसंच, एकेक शब्द सुटा.

मी सगळं सांगितलं. पुस्तकं, खेळ, नियम. संस्थेचं नाव ऐकल्यावर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"मी त्यांचाच माणूस आहे," ते म्हणाले. "तुला माहीत नाही?"

सर तरुणपणी विलायतेला जाऊन आले होते हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कसे गेले हे मी कधी विचारलं नव्हतं. ते आता त्यांनी सांगितलं. तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. याच संस्थेने मुंबईत कचेरी उघडली होती आणि इंग्रजीच्या शिक्षकांना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली होती. सरांची निवड झाली. ते बोटीने गेले.

"तिथे आम्ही सगळे शिक्षकच. नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशांतले, नाहीतर होऊ घातलेल्या. एक गोष्ट सांगू का? मला कुणी वाईट वागवलं नाही. रविवारी लोक घरी जेवायला बोलवायचे. नाटकाला न्यायचे. माझा कोट जुना होता, तर एका बाईंनी मुलाचा कोट आणून दिला."

"मग?"

"मग निघायच्या आधी जेवण होतं. माझ्या शेजारी एक मोठा अधिकारी बसला होता. पूर्वी इकडे कलेक्टर होता म्हणे. गप्पा चांगल्या रंगल्या. म्हणाला, आमचे साहेब परत आले, फौजा परत आल्या, आता तिकडे आमचे म्हणून तुम्हीच. तुम्ही ज्या भाषेत मुलांना विचार करायला शिकवाल, त्या भाषेच्या देशाशी ती मुलं भांडणार नाहीत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी आभार मानले. मला तो मान वाटला." सर हसले. "अगं, त्यांनी दिलेल्यातलं काही खोटं नव्हतं. कोट खरा, जेवण खरं, शिकवणंही उत्तम. म्हणून तर इतकं लागू पडलं. मी परत येऊन तोच नियम वर्गात लावला. मराठी बोलेल तो बाकावर उभा. आयुष्यभर."

मला आठवत होतं. त्यांच्या घरच्या शिकवणीत बाकावर मीही उभी राहिले होते.

"ते चूक होतं का सर?"

"ते तू ठरव. त्याच इंग्रजीवर तू नोकरीला लागलीस. दोन्ही धरून विचार कर. एकच धरून बसू नकोस."

तिथून निघाले तेव्हा माझं ठरलं होतं. इंग्रजी सोडायची नाही, आणि मुलांच्या तोंडावर बोटही ठेवायचं नाही. हे कुणाला पटो न पटो.

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा खोपोलीत होता, शिळफाट्याजवळच्या एका शाळेत. या वेळी खुद्द विलायतेहून एक प्रशिक्षक आले होते. उंच, पांढरे केस, साधे कपडे, माणूस अगदी सज्जन. प्रत्येक तुकडीतून एकाने आदर्श पाठ द्यायचा होता. आमच्या केंद्रप्रमुखांनी माझं नाव पुढे केलं. ते आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, माणूस भला, पण वरच्यांचा धाक बाळगणारा.

मी उभी राहिले आणि आधी इंग्रजीत विनंती केली. म्हटलं, तुमचा नियम मी तंतोतंत पाळणार आहे. माझा पाठ ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत सगळ्यांनी बोलायचं. दुसरी भाषा दाराबाहेर. विलायतेहून आलेल्या साहेबांनी मान डोलावली.

मग मी वाडीच्या बोलीत शिकवायला लागले.

विषय होता खेकडे पकडणं. मुलांनी मला ते सगळं शिकवलंच होतं. फळ्यावर ओढा काढला, दगड काढले, आणि सरळ बोलत सुटले. सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं बाई गंमत करताहेत. मी हसले नाही. पहिल्या रांगेतल्या खोपोलीच्या एका शिक्षिकेला प्रश्न विचारला. तिने मराठीत उत्तर दिलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तोच प्रश्न परत, जरा मोठ्याने विचारला. ती गोंधळली, शेजारणीकडे बघायला लागली. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. हशा विरला. साहेबांनी हात वर करून इंग्रजीत काहीतरी विचारायला सुरुवात केली. मी त्यांच्याकडे वळून पुन्हा बोट ठेवलं. त्यांनी हात खाली घेतला.

मागे बसलेले खालापूरचे एक वयस्क शिक्षक चिडले. "अहो बाई, हे काय चाललंय? आमी काय दगड हाय का?"

मी त्यांना बोलीतच सांगितलं, खाली बसा. पाठ पुढे नेला. आता कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या वहीत, बुटांत, पंख्याकडे. माझ्या वर्गातली मुलं जशी बसायची, तसेच.

मग मी खडू ठेवला आणि मराठीत म्हटलं, "आता नियम नाही. ज्याला जे येतं त्यात बोला." तोच पाठ पुन्हा घेतला. बोलीतला शब्द, त्याचा मराठी अर्थ, मग इंग्रजी. सभागृह एकदम सैल झालं. चिडलेले शिक्षकच सगळ्यांच्या पुढे. लहानपणी त्यांनीही खेकडे धरले होते, आणि त्यांना ते इंग्रजीत सांगायचं होतं. अडेल तिथे मराठी घालून त्यांनी ते सांगितलं. साहेब वहीत लिहून घेत होते. वाडीचे शब्द त्यांनी देवनागरी येत नसल्यामुळे रोमन अक्षरांत लिहिले आणि मला म्हणून दाखवले. दोन चुकले, तेव्हा मी सुधारून दिले.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पोचलं. पण खरं सांगतो, मी जे द्यायला आलोय ते बदलायचा अधिकार मला नाही. पुस्तक दुसरीकडे ठरतं."

"मग ते जिथे ठरतं तिथे सांगा," मी म्हटलं.

नंतर कळलं की त्यांनीच माझं नाव शिष्यवृत्तीसाठी सुचवलं. उन्हाळ्यातला अभ्यासक्रम, तिकडच्या एका विद्यापीठात. निवड झाल्याचं केंद्रप्रमुखांनी फोनवर सांगितलं, आणि लगेच पुढे म्हणाले, "बाई, एक ऐका. तिकडून जाऊन येईस्तोवर हा बोलीचा विषय काढू नका."

"काढलेलाच आहे साहेब. आता आत कसा घालू?"

घरी आनंद होता. सासूबाईंनी आळीभर सांगितलं. हे म्हणाले, "जा तू, मुलांचं मी बघतो." मलाच प्रश्न पडला होता. सरांना दिलेला कोट डोळ्यांसमोरून जात नव्हता. सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "जा. नाही म्हणून त्यांचं काय जाणार? फक्त तिथे आभार मानायची वेळ येईल तेव्हा मी जे विचारलं नाही ते विचार."

मी गेले. विमानात पहिल्यांदा बसले, तिकडच्या उन्हाळ्यातही थंडीने कुडकुडले, उत्तम ग्रंथालयं पाहिली, आणि खूप शिकले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मला तिथे काही आवडलंच नाही. माझ्या खोलीशेजारी केनियाची एक शिक्षिका होती. तिने सांगितलं की तिच्या आईच्या शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. मी तिला बाकाबद्दल सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघी वर्गात शेजारी बसायला लागलो.

एके दिवशी इतिहासाच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. त्यांनी काहीच लपवलं नाही. साम्राज्य आवरतं घ्यायची वेळ आली तेव्हा शिष्यवृत्त्या आणि शिक्षकांचं प्रशिक्षण हे मैत्रीचं आणि वजन टिकवण्याचं साधन म्हणून कसं आखलं गेलं, शिक्षक निवडणं राज्यकर्ते निवडण्यापेक्षा टिकाऊ का मानलं गेलं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. सरांच्या शेजारी जेवायला बसलेल्या त्या अधिकाऱ्याचंच बोलणं मी पुन्हा ऐकत होते, फक्त आता ते इतिहास म्हणून सांगितलं जात होतं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मी उभी राहिले. म्हटलं, "तेव्हाचं कळलं. आम्ही आज इथे बसलोय, आमच्या जाण्यायेण्याचा सगळा खर्च तुम्ही केलाय. तो कशासाठी?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, शब्द बदलले आहेत. हेतू किती बदलला, हे तुमच्यासारख्यांनी आम्हाला सांगायला हवं."

मला ते उत्तर आवडलं, आणि पुरलं नाही.

परत आल्यावर मी तालुक्याची मुख्य प्रशिक्षक व्हायची होते. पुस्तक ठरलेलं, वेळापत्रक ठरलेलं. कर्जतच्या पहिल्याच तुकडीला मी पुस्तक उघडलं आणि नियमाचं पान आलं, तेव्हा ते कुठून आलं हेही सांगितलं. सरांची बोट, केनियाची पाटी, प्राध्यापकांचं व्याख्यान. मग म्हटलं, यातले खेळ घ्या, गाणी घ्या, खुर्च्या गोल मांडा. मुलांची भाषा मात्र आत राहू द्या. त्याचा अहवाल वर गेला. पुढच्या तुकडीच्या यादीत माझं नाव नव्हतं. केंद्रप्रमुख स्वतः शाळेवर आले सांगायला. व्हरांड्यात बसले, पोरांचं ओरडणं ऐकत.

"मी म्हटलं होतं ना बाई."

"म्हटलं होतं."

"आता?"

"आता शनिवारी दुपारी शाळा लवकर सुटते. ज्यांना यायचं ते येतील. तुम्ही आडवं येऊ नका म्हणजे झालं."

जाताना म्हणाले, "कशेळ्याच्या शाळेची किल्ली माज्याकडे हाय. पाहिजे तर सांगा."

असं ते सुरू झालं. एका शनिवारी कशेळ्याला, दुसऱ्या शनिवारी शिळफाट्याला एका शिक्षिकेच्या घरी. सुरुवातीला आम्ही इतक्या थोड्या होतो की एका जीपमध्ये मावायचो. खालापूरचे ते चिडलेले गुरुजी दुसऱ्या बैठकीपासून आले आणि निवृत्त होईपर्यंत चुकले नाहीत. सर त्याच वर्षी गेले. त्यांना मी व्याख्यानातला माझा प्रश्न सांगू शकले होते. ऐकून म्हणाले, "उत्तर काय मिळालं ते सोड. विचारलास ना, मग झालं."

घाटातल्या ठाकुरवाडीच्या बाजूने एक शिक्षक यायला लागले तेव्हा नवीनच अडचण निघाली. आमच्या वाडीचे शब्द त्यांच्या मुलांना चालेनात. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे पत्ते बघून पोरं हसली. म्हनतात, ही कुठली भाषा?" तेव्हा ठरलं की पत्ते कुणी कुणाला तयार द्यायचे नाहीत. प्रत्येक शाळेने आपल्या मुलांकडून काढून घ्यायचे. आम्ही बैठकीत फक्त ते कसे करायचे हे शिकायचं. यात वेळ जातो. काही शिक्षक कंटाळून सोडून गेले. एका तरुण शिक्षिकेने मला तोंडावर विचारलं, "मॅडम, पालकांना इंग्लिश मीडियम पाहिजे आणि तुम्ही वाडीची भाषा शिकवायला सांगता. मुलं मागे नाही पडणार?"

मी तिला म्हटलं, "माझ्या वर्गात येऊन बस. इंग्रजी कमी वाटली तर सांग, मी थांबवते."

ती आली, दिवसभर बसली. पुढच्या शनिवारी आपल्या मुलांनी काढलेले पत्ते घेऊन आली.

मागच्या हिवाळ्यात त्या विलायती संस्थेतून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण, मराठी स्वच्छ. म्हणाली, "मॅडम, आता आमचं धोरण बदललंय, मातृभाषेला आम्ही महत्त्व देतो. तुमच्याकडचे पत्ते आमच्या नव्या पुस्तकात घ्यायचेत."

"घ्या की," मी म्हटलं. "फक्त वाडीचा शब्द वर राहील, इंग्रजी खाली. आणि ज्या मुलांनी चित्र काढलं, त्यांच्या शाळेचं नाव त्यावर असेल."

"वरखालीचं डिझाइन तिकडे ठरतं, मॅडम."

"मग तिकडे विचारून सांगा."

तिने विचारलं असेल. अजून उत्तर आलेलं नाही. मध्यंतरी माझी बदली झाली, आता मी खालापूरच्या बाजूला कातकऱ्यांच्या वाडीवर आहे. इथली बोली मला येत नाही. पहिल्या दिवशीच दुसरीतल्या एका मुलीने माझा एक शब्द चार वेळा दुरुस्त केला आणि शेवटी कंटाळून म्हणाली, "र्‍हाऊ द्या बाई, उद्या परत सांगते." मी दुसऱ्या दिवशी तिच्याआधी वर्गात जाऊन बसले.